शहाण्यांनो, कोर्टाची पायरी चढा

प्रति,
इंदूरच्या सगळ्या मराठी मंडळांचे, गणेशोत्सव समित्यांचे आणि कॉलन्यांच्या रहिवासी संघांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

विनंती विशेष लिहायची पद्धत म्हणून लिहिलं, खरं तर ही तक्रार आहे, आणि ती तुमच्या वाईटपणाची नाही, चांगुलपणाची आहे, म्हणून तर लिहायला इतके दिवस लागले. कॉलनीत कोणाचा ॲक्सिडेंट झाला की सगळ्यात आधी कोण पोचतं? तुमचीच पोरं. रक्त देणारी तीच, रात्रभर दवाखान्याच्या बाकावर पडून राहणारी तीच, आणि घरून डबा पाठवणाऱ्या काकूही तुमच्याच मंडळातल्या. पण मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही अजून एक काम करता. दोन्ही पार्ट्यांना कोणाच्या तरी घरी बसवता, चहा होतो, "आपलीच माणसं आहेत, थाना-कोर्ट कशाला" होतं, आणि स्टॅम्पपेपरवर तडजोड लिहून सगळे मोकळे. वरून ती म्हण, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ज्याने ही म्हण केली त्याच्या काळात गाडीचा बीमा नसणार.

हो, बीमा. पुण्याचे नातेवाईक विमा म्हणतात आणि आमचं ऐकून हसतात, हसू देत, इथे थान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, आणि कोर्टात बीमाच चालतं.

आता आमच्या घरचं सांगते. २०२२ चे गणपती. माझे धाकटे दीर, वय तेव्हा ४४, बाइकवरून आमच्याकडे आरतीला येत होते, महू नाक्याच्या अलीकडे एका कारने डावीकडे वळताना ठोकलं. कारवाले गृहस्थ आपल्यातलेच, पळाले नाहीत, स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं, त्याबद्दल मी आजही त्यांना नावं ठेवत नाही. तिथे काउंटरवर विचारलं की एमएलसी करायची का, म्हणजे पोलिसांना कळवायचं का, तर सोबतचा मंडळातला एक दादा म्हणाला, "अहो लिहा ना, गाडी घसरून पडले." लिहिलं. डिस्चार्जच्या कागदावरही तेच आलं, गाडी घसरून पडले. कारवाल्यांनी ४५,००० चं बिल भरलं, वर २०,००० रोख दिले, आणि दिरांनी सही केली की माझी आता काही तक्रार नाही आणि पुढेही राहणार नाही. शेवटच्या दिवशीच्या आरतीला दोघं शेजारी उभे होते, प्रसाद मीच दिला दोघांना, किती छान वाटलं होतं म्हणून सांगू, बघा म्हटलं आपला समाज कसा आहे.

मग गुडघा बसेना. दिवाळी गेली, संक्रांत गेली, जिना उतरताना पाय सटकायचा, एमआरआय झाला तर आत लिगामेंट फाटलेलं, ऑपरेशन झालं मे २०२३ मध्ये. २,८०,००० रुपये. दिरांचं काम फिरतीचं, दवा बाजारातल्या एका स्टॉकिस्टकडे ऑर्डर घेत हिंडायचं, पाच महिने घरी बसले म्हणजे पाच महिने काही नाही. तेव्हा कुठे वकिलाकडे गेलो.

वकीलसाहेबांनी कागद पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, त्या कारचा बीमा होता का? होता. पूर्ण चालू होता. कंपनी पैसे द्यायला बसलेली होती, म्हणजे बसलेली नव्हती, कंपन्या कधी अशा बसलेल्या नसतात, पण द्यावे लागले असते. आणि आमच्याकडे काय होतं? एफआयआर नाही, हॉस्पिटलच्या कागदावर घसरून पडले, स्टॅम्पवर स्वतःची सही, आणि वरून आठ महिने होऊन गेलेले. मोटर वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये १ एप्रिल २०२२ पासून अट आहे की दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत लावायचा. याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, काय व्हायचं ते होवो, पण तुम्ही लोकांना सांगताना सहा महिनेच सांगा. एफआयआर उशिरा झाली एवढ्यावरून दावा फेकून देता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये म्हटलेलं आहे, पण इथे उशिरासुद्धा कुठे झाली होती. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "ताई, तुमची केस मी नाही हरलो, ती तुमच्या मंडळाने हॉस्पिटलच्या काउंटरवरच हरली."

तो दादा वाईट नाही हो. अजूनही पहिला तोच धावतो. म्हणूनच पत्र त्याच्या एकट्याच्या नावाने नाही, तुम्हा सगळ्यांना आहे.

तुमच्या डोक्यात जे बसलंय, आणि माझ्याही होतं, ते असं की दावा लावणं म्हणजे समोरच्या माणसाच्या खिशात हात घालणं. तसं नसतं. दाव्याच्या कागदावर साधारण तीन अनावेदक, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते, असतात, एक नंबर चालक, दोन नंबर मालक, तीन नंबर बीमा कंपनी. बीमा चालू असेल, लायसन्स बरोबर असेल तर पैसे भरते तीन नंबर. थर्ड पार्टी बीमा कलम १४६ ने सक्तीचा केला तो ह्याचसाठी, रस्त्यावर ज्याला लागलं त्याला ठोकणाऱ्याची ऐपत बघायला लागू नये म्हणून. आपण दरवर्षी पैसे भरतो ते कोणासाठी? अनोळखी माणसाच्या पायासाठी. आणि तो अनोळखी माणूस मागायला आला की आपण त्याला लोभी म्हणतो, "केस ठोकली बघ पैसे खायला". मी हे म्हटलेलं आहे, कोणाबद्दल ते पुढे येईल.

आधी जरा हिशोब बघा, कारण तडजोडीच्या बैठकीत जी रक्कम ठरते ती कुठून येते मला आजपर्यंत कळलेलं नाही, कोणीतरी म्हणतं पन्नास, कोणीतरी म्हणतं लाख करा, आणि झालं. कोर्टाचं तसं नाही, तिथे पाढा आहे. २००९ च्या सरला वर्मा केसमध्ये वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाची कमाई कितीने गुणायची तो आकडा, ठरवून दिला आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी केसमध्ये पाच न्यायाधीशांनी बाकीचं पक्कं केलं. समजा ३८ वर्षांचा माणूस, स्वतःचं छोटं दुकान, महिन्याची कमाई २०,०००, घरात बायको, दोन मुलं आणि आई. देव न करो पण तो गेला. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत म्हणून पुढे कमाई वाढली असती त्याचे ४० टक्के धरायचे, झाले २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. अवलंबून चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले २,५२,०००. छत्तीस ते चाळीस वयाला गुणक १५. गुणा, ३७,८०,००० होतात, अंत्यसंस्कार वगैरेचे वेगळे. आता आठवा, आपल्याकडे अशा घरी जाऊन दोन लाखांत मिटवल्याचं किती अभिमानाने सांगतात. त्या वहिनींना कोणी सांगितलं होतं का की पाढा आहे म्हणून?

आता माझी पाळी. जुलै २०२३, दिरांच्या ऑपरेशनला दोनच महिने झालेले, पाऊस, संध्याकाळ, अन्नपूर्णा रोडवरून मी उजवीकडे आमच्या गल्लीत वळत होते आणि समोरून येणारी दूधवाल्याची बाइक मला दिसलीच नाही. चूक माझी, शंभर टक्के. दोन्ही टाक्या आडव्या, रस्त्यावर दूध आणि पावसाचं पाणी एकत्र वाहतंय, आणि त्याच्या नडगीची दोन्ही हाडं मोडलेली. माझे पाय लटपटत होते, १०८ कोणीतरी दुसऱ्यानेच लावला. दहा मिनिटांत आपल्या मंडळाची तीन पोरं हजर, आणि पहिलं वाक्य, "काकू घाबरू नका, पन्नास हजारांत मिटवून टाकू, तो गरीब आहे, मानेल."

तो गरीब आहे, मानेल. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मोठे दीर तिथे नसते तर मी हो म्हटलं असतं, एवढी घाबरले होते, पण धाकट्या भावाचा गुडघा त्यांनी पाहिलेला, ते म्हणाले थान्यात जायचं. गेलो, स्वतःहून सांगितलं, जमानती गुन्हा होता, तिथेच जमानत झाली, गाडी ठेवून घेतली ती काही दिवसांनी सुपुर्दगीवर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या बोलीवर, सुटली. दुसऱ्याच दिवशी बीमा कंपनीला मेल करून कळवलं, आणि हे कळवणं फार महत्त्वाचं आहे बरं का, नाहीतर नंतर कंपनी म्हणते आम्हाला मालकाने सांगितलंच नाही. फौजदारी केस वेगळी चालली, त्यात दंड झाला तो मी भरला, दंड काही बीमा कंपनी भरत नाही आणि भरूही नये.

नोव्हेंबरमध्ये नोटीस आली. अनावेदक क्रमांक १ आणि २, दोन्ही मीच. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, कोणी कधी एक शब्द बोललं नाही, आणि आता कोर्टाचा माणूस दारात, शेजारीण गॅलरीतून बघतेय. तेव्हा मी म्हटलं होतं ते वाक्य, पैसे खायला केस ठोकली म्हणून. दिरांची अख्खी कथा डोळ्यासमोर असून म्हटलं. माणूस कसा असतो बघा. चार दिवसांनी डोकं थंड झालं तेव्हा लक्षात आलं की त्याने वेळेत लावली, सहा महिन्यांच्या आत, जे आम्हाला जमलं नाही ते त्याला जमलं.

कंपनीचा वकील उभा राहिला, कंपनीने माझं लायसन्स तपासलं, पॉलिसी तपासली, आणि २०२४ च्या शेवटी लोक अदालतीत ३,४०,००० वर मिटलं. तडजोडच झाली म्हणा ना, पण डॉक्टरचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट, बिलं, बुडालेली कमाई हे सगळं टेबलावर ठेवून झाली, आणि पैसे तीन नंबरने भरले. माझ्या खिशातून वकिलाची फी आणि तो दंड, बास. दूधवाले भैया आता थोडे लंगडतात पण सकाळी येतात, दूध आम्ही त्यांच्याकडूनच घेतो. हे मुद्दाम लिहितेय कारण तुम्ही म्हणता ना की केस झाली की संबंध बिघडतात. दिरांच्या त्या कारवाल्यांशी, ज्यांच्याशी इतकी गोड तडजोड झाली होती, त्यांच्याशी मात्र आता आमचं बोलणं नाही. ऑपरेशनच्या वेळी दीर त्यांच्याकडे गेले होते तर ते म्हणाले, तुम्ही तर सही केली होती. बरोबरच बोलले, केलीच होती.

आता बीमा असला म्हणजे सगळं झालं असंही नाही, आणि आपल्या घरांत तर गंमतच आहे. स्कूटरला सगळे फक्त थर्ड पार्टी घेतात, स्वस्त पडतो म्हणून, २०२२ मध्ये सरकारने ७५ ते १५० सीसीला वर्षाचे ७१४ रुपये ठरवले होते, वर जीएसटी. ठीक. पण मागे बसलेली बायको त्यात धरलेली नसते! काका चालवताहेत, कुत्रं आडवं आलं, काकू पडल्या, खुब्याचं हाड गेलं, तर नुसत्या ॲक्ट पॉलिसीत, म्हणजे ह्याच फक्त थर्ड पार्टीवाल्या पॉलिसीत, मागच्या सवारीची जबाबदारी कंपनीवर येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच हे सांगितलंय. पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीसोबत आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी, असेल तर येते. काही शे रुपयांचा फरक असतो हो, तेवढ्याचे तर आपण रविवारी पोहे-जलेबी खातो. माझ्या सख्ख्या मावशीचं असंच झालं, आणि काकांना अजून वाटतं की एजंटने फसवलं. फसवलं नाही, काकांनीच म्हटलं होतं सगळ्यात स्वस्त द्या.

तसंच मालकाचा स्वतःचा १५ लाखांचा अपघात बीमा, तोही पॉलिसी करताना आपण "नको नको" म्हणून काढायला लावतो. आणि जुनी ॲक्टिव्हा विकतो पण आरसीवर नाव बदलत नाही, भाच्याला दिली, भाच्याने मित्राला विकली, मित्राने कोणाला ठोकलं, तर नोटीस तुम्हाला, कारण आरसीवर ज्याचं नाव तो मालक, २०१८ चा निकाल आहे. त्या गाडीचा बीमा संपलेला असला तर ते ३७ लाख तुमच्या डोक्यावर, आणि वसुली महसुलासारखी, तहसीलमधून. आणि भंवरकुआंला कोचिंगला जाणारी सोळा वर्षांची पोरं स्कूटर घेऊन जातात त्यांच्या आईबापांना तर मी काय सांगू, कलम १९९अ वाचा म्हणावं, २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, पोराला नाही, तुम्हाला. कंपनी समोरच्याला पैसे देईलही, पण मग ते तुमच्याकडून वसूल करेल.

मंडळांसाठी आता खास. विसर्जनाला तुम्ही जी पिकअप आणता, मूर्ती मध्ये आणि मागे पंधरा-वीस पोरं उभी, ती मालवाहू गाडी आहे. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या सवारीला बीमा कंपनी जबाबदार नाही, हा आशा राणी केसचा निकाल वीस वर्षांहून जुना आहे. म्हणजे एखादा पोरगा पडला तर त्याच्या घरच्यांनी कोणाकडे बघायचं, तुमच्याकडे की गाडीवाल्याकडे? दोघांकडे काही नसणार. मुंबईचं जीएसबी सेवा मंडळ दरवर्षी बीमा काढतं, २०२४ मध्ये तो चारशे कोटींच्या वर होता, त्यात मोठा भाग सेवेकऱ्यांच्या अपघात बीम्याचा आणि शिवाय भाविकांसाठी पब्लिक लायबिलिटी, म्हणजे आलेल्या लोकांना काही झालं तर त्याची भरपाई. आपल्याला चारशे कोटी नकोत, आपला गणपती साधा आहे, पण दहा दिवसांचा छोटा पब्लिक लायबिलिटीचा कागद डेकोरेशनच्या एका झुंबरापेक्षा स्वस्त पडत असेल. जमाखर्चात त्याची एक ओळ मला आजपर्यंत दिसली नाही, आणि मी जमाखर्च वाचते, तुम्हाला माहीत आहे.

तर माझं मागणं एवढंच. पोरांना पहिले तर हे शिकवा की हॉस्पिटलात खरं लिहायचं, ठोकलं तर ठोकलं, गाडीचा नंबर लिहायचा, एमएलसी करायची, थान्यात कळवायचं. आणणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती आता धरू नका, कलम १३४अ मदत करणाऱ्याच्याच बाजूने आहे. आणि २०२५ पासून अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे, तीसुद्धा अपघात म्हणून नोंद असेल तरच ना मिळणार. घसरून पडले लिहिलं की सगळंच घसरतं. ठोकून गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला ५०,००० मिळतात, अर्ज मात्र करावा लागतो. पोलिसांनी पहिला रिपोर्ट अठ्ठेचाळीस तासांत ट्रिब्युनलला, म्हणजे हे दावे चालतात त्या कोर्टाला, पाठवायचा असतो, तर दोन दिवसांनी जाऊन विचारा, पाठवला का. शिरडीला जाताना धुळ्याजवळ काही झालं तर लोक म्हणतात आता धुळ्याला कोण खेटे घालणार, नका घालू, जिथे राहता तिथे दावा लावता येतो, इंदूरलाच. बायकांना तर कमाई कितीही असो वकील फुकट मिळतो, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणातून. आणि रकमेत टक्का मागणारा वकील भेटला तर दुसरा बघा, तसा टक्का मागायला वकिलांना नियमानेच मनाई आहे.

आणि बैठका बंद करा. निदान डॉक्टर म्हणत नाही की आता काही राहिलं नाही, तोपर्यंत कोणाची सही घेऊ नका. फारच हौस असेल तर दोघांना घेऊन लोक अदालतीत जा, चहा तिथेही मिळतो.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी आमच्या बगीच्याच्या ओट्यावर बसणार आहे. सगळ्यांनी आपापल्या गाड्यांच्या पॉलिसी आणि आरसी घेऊन या, मोबाइलमध्ये असली तरी चालेल, कोणाची संपलीय, कोणाच्या मागच्या सीटला बीमा नाही, कोणाच्या आरसीवर अजून वारलेल्या आजोबांचं नाव आहे, एकेक बघू. चष्मा आणते, पोहे माझ्याकडून. तो दादा येणार असेल तर त्याला म्हणावं थोडा लवकर ये, खुर्च्या लावायला माणूस लागेल.

आपली,
सुदामा नगरमधली अनावेदक क्रमांक १ व २